प्रकल्प नोंदी: पहिला पगार, भोसरीतलं घर आणि वर्षाचा हिशोब

८ जुलै २०२५

काल पहिला पगार जमा झाला आणि आज जेवणाच्या सुट्टीत सॅलरी स्लिप उघडून बसले. नोंदी इथपासून सुरू करते. प्रकल्प असा आहे की दिवाळीनंतर पीजी सोडून भाड्याच्या घरात राहायला जायचं आणि ते याच पगारात, घरून, म्हणजे बार्शीहून, एक रुपया न मागवता. जमतं का नाही ते आकड्यांवरून ठरवायचंय, वाटण्यावरून नाही.

ऑफर लेटरवर ३ लाख ६० हजार आहे, त्यामुळे गावाकडे सगळ्यांनी महिना तीस हजार धरलेत, आत्याने तर पेढे देताना आख्ख्या गल्लीला तोच आकडा सांगितलाय. स्लिप वेगळं सांगते. तीस हजारातून कंपनीचा पीएफचा वाटा १,६८० आधीच बाजूला, ग्रॅच्युइटीचे ६७३ बाजूला (ते पाच वर्षं सलग टिकले तर मिळणार), ग्रुप मेडिक्लेमचे ३४७, मग उरतो ग्रॉस, म्हणजे माझ्याकडची कपात व्हायच्या आधीचा पगार, २७,३००. त्यातून माझा पीएफ १,६८० म्हणजे बेसिक १४,००० चे १२ टक्के, आणि प्रोफेशन टॅक्स २००. हातात २५,४२०. हा जूनचा पगार, दोन जूनला जॉइन झाल्यामुळे एका दिवसाचा पगार कमी आलाय आणि कामगार कल्याण निधीचे २५ कापलेत, ते फक्त जून आणि डिसेंबरला कापतात.

शेजारच्या टेबलावरच्या ट्रेनीचा प्रोफेशन टॅक्स कापलाच नाहीये, तिने विचारलं माझा का कापला म्हणून. महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे, २०२३ च्या एप्रिलपासून, तिचा ग्रॉस त्याच्या आत आहे आणि माझा वर. फेब्रुवारीत मात्र २०० ऐवजी ३०० जाणार, वर्षाचे २,५०० होतात. इन्कम टॅक्सची काळजी नाही, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसत नाही, त्यामुळे भाड्याच्या पावत्या गोळा करत बसायचंही काम नाही.

तर प्रकल्पाचा आकडा २५,४२०. तीस हजार हा शब्द इथून पुढे कुठल्याच हिशोबात येणार नाही.

१३ जुलै

पीजी का सोडायचा ते एकदा लिहून ठेवते, कारण घरी हा प्रश्न येणारच. पीजीचे ८,५०० आहेत, तिघी एका खोलीत, दोन वेळचं जेवण धरून, आकडा बघितला तर स्वस्तच आहे. पण मी लॅबमध्ये शिफ्टला आहे. सेकंड शिफ्ट रात्री साडेदहाला सुटते आणि पीजीचं गेट दहाला बंद होतं, दरवेळी आधी फोन करून परवानगी घ्यायची, आणि तोवर जेवण संपलेलं असतं किंवा झाकून ठेवलेली थंड भाजी. म्हणजे ज्या जेवणाचे पैसे भरलेत ते मिळत नाही आणि बाहेर ऐंशी-शंभर रुपये पुन्हा जातात. फर्स्ट शिफ्टला पहाटे निघावं लागतं तेव्हा नाष्टाही झालेला नसतो. मला माझ्या वेळेला जेवायचंय आणि माझ्या किल्लीने दार उघडायचंय. या दोन गोष्टींसाठी मी पैसे मोजायला तयार आहे आणि त्यात मला काही चैन वाटत नाही.

२० जुलै

आजची नोंद मोठी होणार.

नेटवर बजेटचे तयार तक्ते बघितले, मोबाईल ॲप टाकून बघितलं, सगळीकडे महिना हाच हिशोबाचा घटक धरलेला. भाडं, किराणा, प्रवास, मोबाईल, बचत. महिना छान जुळतो. पण लॅबमधल्या ज्या ज्या सीनियर्सशी बोलले, त्या कुणाचंही बजेट भाड्याने किंवा किराण्याने मोडत नाही, ते मोडतं चुलत बहिणीच्या लग्नाने, दाढ दुखायला लागल्याने, ॲग्रीमेंट रिन्यू करायची वेळ आल्याने, दिवाळीने. आता दिवाळी काय अचानक येते का, दरवर्षी येते, तारीख कॅलेंडरवर छापलेली असते, तरी ऑक्टोबरमध्ये प्रत्येकजण यावेळी खर्च जास्त झाला असंच म्हणतो.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी महिन्याचं शीट न करता वर्षाची यादी केली, यंदाचा जुलै ते पुढचा जून, प्रत्येक महिन्यात काय येऊ शकतं ते आईला फोन करून विचारलं. आईला सगळं तोंडपाठ. "डिसेंबरात मावशीकडचं लग्न हाय, आहेर आपला वेगळा आन् तुझा वेगळा करावा लागंल आता, कमावती झालीस तू." हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

यादी अशी झाली. दिवाळी ६,०००, त्यात भावाला कपडे, आईला साडी, फराळाचं सामान आणि जाणं-येणं. लग्नसराई ५,०००. भाडेकरार दरवर्षी नवा करायचा खर्च आणि वाढलेलं डिपॉझिट भरायला म्हणून ३,०००. चष्मा २,५००, माझा नंबर अजून बदलतोय. दवाखाना आणि दात ३,०००. चपला, बूट, रेनकोट, रोजचे कपडे ३,०००. फोनचा वर्षाचा रिचार्ज ३,६००, महिन्याच्या रिचार्जपेक्षा हा स्वस्त पडतो आणि वर्षातून एकदाच डोक्याला ताप. बेरीज २६,१००. भागिले बारा, २,१७५.

म्हणजे दर महिन्याला २,२०० रुपये हे माझे नाहीतच. ते वर्षाचे आहेत. त्यांना वेगळं खातं, जुनं कॉलेजचं सेव्हिंग अकाउंट आहेच, त्याचं कार्ड बार्शीला कपाटात ठेवणार आणि त्याला यूपीआय जोडणार नाही. पगार आला की त्याच दिवशी पैसे तिकडे. याला मी बचत म्हणणार नाहीये, हा खर्चच आहे, फक्त तारीख पुढची आहे. बचत वेगळी.

३ ऑगस्ट

भिशी. कॅन्टीनमध्ये विचारणा झाली, दहा जणी, दोन-दोन हजार, दहा महिने, दर महिन्याला एकीला वीस हजार. पॅकिंग सेक्शनच्या एक मावशी चालवतात, गेली कित्येक वर्षं चालू आहे, पहिला नंबर चालवणाऱ्याचा ही ठरलेली पद्धत, बाकी नऊ नंबरांच्या चिठ्ठ्या.

मी विचार केला तो असा. भिशीत व्याज नाही, शेवटच्या नंबरवालीचे पैसे दहा महिने बिनव्याजी फिरतात, त्यापेक्षा बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, काढलेली बरी. पण लवकरच्या नंबरवालीला ते बिनव्याजी कर्ज असतं, आणि मला नेमकं ऑक्टोबरमध्ये डिपॉझिट भरायचंय. कर्जाच्या ॲपवरून किंवा क्रेडिट कार्डवरून हे पैसे उचलले तर कार्डचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी लागतं आणि त्यावर जीएसटी, तो रस्ता मला नकोच आहे. धोका एकच, सगळं विश्वासावर आहे, कागद काही नाही, कुणी नंबर लागल्यावर भरायचं थांबवलं तर काय. म्हणून दोन हजाराच्या वरची भिशी घ्यायची नाही आणि अनोळखी लोकांमधली तर नाहीच. इथे सगळ्यांचा पगार एकाच दिवशी एकाच कंपनीतून होतो, सगळ्या रोज एकमेकींना भेटतात.

चिठ्ठीत मला सातवा नंबर आला, म्हणजे फेब्रुवारी. लॅबच्या सीनियर मॅडमना तिसरा. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मॅडम मला ऑक्टोबरमध्ये घराचं डिपॉझिट भरायचंय, तुम्हाला चालणार असेल तर बदलू या का. त्या म्हणाल्या, "अगं मला फेब्रुवारीतच बरे पडतील, मुलीची ॲडमिशन तेव्हाच आहे, घे तू ऑक्टोबर." मावशींच्या वहीत दोघींच्या सह्या करून बदलून घेतलं.

१७ ऑगस्ट

पप्पांचा फोन. त्यांचं म्हणणं, उरलेले पैसे गावातल्या पतसंस्थेत टाक, व्याज बँकेपेक्षा जास्त आहे आणि पिग्मीवाले ओळखीचे आहेत. मी म्हटलं, पप्पा, बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेलासुद्धा आहे, पण पतसंस्थेला तो विमा नाही, दोन्हीच्या पाटीवर सहकारी लिहिलेलं असलं तरी. ते थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "मग आमचे हायेत तिथले काय करायचे?" आता त्यांच्या ठेवीची मुदत कधी संपते ते बघून पुढे ठरवू असं बोललो. माझ्या बजेटपेक्षा हा फोन जास्त कामाचा झाला.

अजून एक, पीएफचं पासबुक ऑनलाइन दिसायला लागलं. माझे १,६८० पूर्ण जमा, पण कंपनीच्या १,६८० मधले ५१४ च पीएफला आणि १,१६६ पेन्शनला. रूममेट घाबरलेली की कंपनी पैसे खाते. तसं नाही, कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेतच जातात, बेसिक पंधरा हजाराच्या आत असलं की हिशोब सरळ पडतो. पीएफ मी बजेटमध्ये धरतच नाही, तो हात लावायचा पैसा नव्हे. नोकरी बदलली तर काढायचा नाही, यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या नंबरवर, ट्रान्सफर करायचा, एवढं ठरवून ठेवलंय.

१४ सप्टेंबर

गणपतीनंतर घरं बघायला सुरुवात केली. सोबत पीजीतलीच एक मैत्रीण आहे, लातूरची, ती नाशिक फाट्याजवळ एका कंपनीत अकाउंट्सला. दोघींचं जेवण, झोप, आवाज हे सगळं जुळतं, पैशाच्या बाबतीत सरळ आहे.

मोशीकडे वन बीएचके ९,००० ला मिळतोय, भोसरीत १३,००० ला. फरक चार हजार, माणशी दोन हजार, ऐकायला मोशी बरं वाटतं. पण जूनपासून पीएमपीचा, म्हणजे इथल्या सिटी बसचा, मासिक पास १,५०० झालाय, तो लागणारच, मग उरले पाचशे. सेकंड शिफ्टला कंपनीची गाडी भोसरीपर्यंत सोडते, तिथून पुढे रात्री अकराला रिक्षा, आठवड्यात दोन वेळा जरी केली तरी पाचशे संपले, आणि जाण्या-येण्यात रोज तास-दीड तास जातो तो वेगळाच. भोसरीतून मी चालत जाते, मैत्रिणीला शेअर रिक्षा. भोसरी.

(भाडं बघताना फक्त भाड्याची रक्कम बघायचीच नाही, भाडं अधिक प्रवास अशी एकच ओळ ठेवायची. घर दाखवणारा एजंट ही बेरीज कधीच करून दाखवत नाही.)

१२ ऑक्टोबर

भिशीचे वीस हजार आले. शीटमध्ये एक गोष्ट लाल रंगात लिहिली: मी आत्तापर्यंत सहा हजार भरलेत, वीस उचललेत, म्हणजे १४,००० माझ्यावर कर्ज आहे, मेपर्यंत. नंबर लागला की लोक पैसे मिळाले म्हणतात, पण उरलेले हप्ते फेडायचे असतात आणि ते फेडणं ही त्या नऊ जणींशी माझी बांधिलकी आहे, भाड्याच्याही आधी.

घर पक्कं झालं. दुसऱ्या मजल्यावर, मालक काका-काकू खालीच राहतात, १३,००० भाडं, ४०,००० डिपॉझिट, पाणी आणि जिन्याचा लाईट ८००. माणशी एकवेळचा खर्च काढला तो असा: डिपॉझिट २०,०००, ब्रोकर ६,५००, पहिलं भाडं ६,५००, ॲग्रीमेंट ७५०, गॅस १,६५०, गादी-बादली-भांडी-शेगडी ४,०००. एकूण ३९,४००. माझ्याकडे पगारातून बाजूला टाकलेले वीस हजार आणि भिशीचे वीस हजार. सहाशे रुपये उरतात. पीजीचं पाच हजार डिपॉझिट नंतर परत येईल, ते या हिशोबात धरलेलं नाही, दुसऱ्याच्या हातातले पैसे हातात आल्यावरच मोजायचे.

ज्यांना कुणाला पहिल्या पगारात घर घ्यायचंय त्यांनी हा आकडा नीट बघावा असं मला मनापासून वाटतं. भाडं ६,५०० परवडतंय म्हणून घर परवडतं असं होत नाही, आत शिरायलाच भाड्याच्या सहापट पैसे लागतात, आणि ते साठवायला मला चार पगार आणि एक भिशी लागली.

१९ ऑक्टोबर

ॲग्रीमेंट झालं. एजंट सुरुवातीला म्हणाला नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, स्वस्तात होईल, पोरी आहात कशाला एवढा खर्च. मी नाही म्हटलं. महाराष्ट्रात भाडेकरार रजिस्टर करणं बंधनकारक आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ५५ वं कलम आहे, आणि ती जबाबदारी खरं तर घरमालकाची. शिवाय रजिस्टर करार हा पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, आम्हाला गॅस कनेक्शन त्यावरच घ्यायचं होतं.

खर्च काय येतो तेही स्वतः काढून बघितलं. ११ महिन्यांचं भाडं १,४३,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण ३,६६७, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे चारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. बाकी एजंटची घरी येऊन अंगठे घ्यायची फी. सगळे मिळून तीन हजार सांगितले, काकांशी बोलून निम्मे त्यांनी निम्मे आम्ही दोघींनी.

मसुदा वाचायला मागितला तेव्हा एजंट म्हणाला सगळ्यांचा सेमच असतो. तरी वाचला आणि तीन गोष्टी बदलून घेतल्या. भाडं पाच तारखेच्या आत असं होतं, ते दहा केलं, कारण माझा पगार सातला होतो, आणि ज्या महिन्यात सात तारखेला रविवार येतो तेव्हा तर बघायलाच नको. पाच तारीख राहिली असती तर प्रत्येक भाडं मागच्या महिन्याच्या शिल्लकीतून गेलं असतं. दुसरं, सोडताना रंगकामाचे किती कापणार तो आकडा लिहून घेतला. तिसरं, नोटीस दोन्हीकडून एक महिना. काका आधी जरा नाराज दिसले, मग काकूच म्हणाल्या, "बरोबर आहे की ओ पोरींचं, पगारच सातला होतो तर पाचला कुठून देतील?" डिपॉझिट बँकेतून ट्रान्सफर केलं, रोख नाही, आणि तो व्यवहार क्रमांक करारात टाकला.

२६ ऑक्टोबर

दिवाळी करून परत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बार्शीला महिन्यातून एकदा जाणं परवडतं, जाऊन-येऊन आणि वाटेतला चहा धरून पाचशेच्या आत. दिवाळीचे सहा हजार वर्षाच्या खात्यातून गेले, ५,७०० झाले खरं तर. या खात्यात चार पगारांचे मिळून आठ हजार आठशेच होते, त्यामुळे दिवाळी त्यातच बसली. पगाराच्या खात्याला एका रुपयाचा धक्का नाही. आईच्या साडीचे पैसे देताना कुठेही मनात हिशोब चालू नव्हता आणि मला याचंच जास्त समाधान वाटलं.

येताना आईने मालदांडी ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे बांधून दिले. बार्शीचा माणूस पुण्यात तूरडाळ विकत घेत नाही असं पप्पा म्हणतात. आता प्रश्न हा की शीटमध्ये याचं काय करायचं. फुकट धरलं तर किराणा कमी दिसतो आणि मी उगाच म्हणत राहीन की माझं एवढ्यात भागतं, प्रत्यक्षात भागवतेय आई. म्हणून ठरवलं, महिन्याला लागते तेवढी ज्वारी, डाळ आणि दाणे भोसरीतल्या दुकानाच्या भावाने धरायचे, माझ्या वाट्याचे साधारण सहाशे होतात, ते किराण्याच्या ओळीत लिहायचे आणि खरंच काढून वेगळ्या खात्यात टाकायचे. घरचं धान्य हे प्रेम आहे, त्यावर माझं बजेट उभं राहता कामा नये. एखाद्या वर्षी पाऊस नाही झाला तर काय करायचं?

९ नोव्हेंबर

राहायला आलो. गॅससाठी घरगुती कनेक्शनच घेतलं, सिलिंडरचं डिपॉझिट २,२००, रेग्युलेटरचे २५०, दोन्ही परत मिळणारे. पत्त्याचा पुरावा नसेल त्यांना पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, फक्त किलोमागे बराच महाग पडतो. मैत्रिणीचं म्हणणं होतं इंडक्शनवर भागवू. मोजून बघितलं: दोघींचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर रोज दीड-दोन युनिट, महिन्याला पन्नासच्या आसपास. आपलं फॅन, ट्यूब, गिझर मिळून ऐंशी-नव्वद होतात, त्यात हे पन्नास घातले की १०० चा स्लॅब ओलांडला, आणि १०१ व्या युनिटपासून दर दुपटीच्या घरात जातो. गॅसच बरा.

कालच पहिल्यांदा सेकंड शिफ्टवरून आल्यावर रात्री अकराला गरम पिठलं-भाकरी खाल्ली.

७ डिसेंबर

पहिला पूर्ण महिना झाला, शीट इथे टाकते. भाडं ६,५००. पाणी-जिना ४००. लाईट ३५०. गॅस ३००. वायफाय ३००. किराणा, भाजी, दूध ३,६०० (त्यात ते सहाशे धरून). कॅन्टीन ६००. इथला प्रवास ६००. बार्शी ५००. वर्षाचं खातं २,२००. भिशी २,०००. आरडी ३,०००. घरी २,०००, भावाच्या क्लासची फी. माझ्यासाठी २,०००, यात बाहेर खाणं, सिनेमा, पार्लर, शनिवार-रविवारी मेट्रोने मंडईला जाणं, सगळं, आणि या ओळीचा तपशील मी लिहीत नाही, तो लिहायला लागले की मग ते पैसे माझे राहत नाहीत. बेरीज २४,३५०. खात्यात शिल्लक १,०७०.

ते ५०-३०-२० चं सूत्र (पगाराचे पन्नास टक्के गरजा, तीस हौस, वीस बचत) यावर लावून बघितलं, कारण सगळे तेच सांगतात. पन्नास टक्के म्हणजे १२,७१०, आणि माझ्या गरजा भाड्यापासून इथल्या प्रवासापर्यंत १२,६५०. बघा, बसलं की! पण यात चष्मा नाही, दवाखाना नाही, फोन नाही, पुढचं ॲग्रीमेंट नाही. ते सगळं धरलं की सूत्र मोडतं. आणि भावाची फी नेमकी कुठे लिहायची, गरज का हौस? आमच्याकडे पहिल्या पगारावर असलेल्या बहुतेक मुला-मुलींच्या शीटमध्ये घरची एक ओळ असतेच, कुणाची दोन हजार कुणाची दहा. ती ओळ ज्या सूत्रात नाही ते सूत्र आमच्यासाठी केलेलं नाही, एवढंच मला त्यावर म्हणायचंय.

११ जानेवारी २०२६

मावशीकडचं लग्न झालं. आहेर, साडी, एसटी मिळून ३,८०० गेले, वर्षाच्या खात्यातून. त्याच खात्यातून चष्माही झाला. डिसेंबरच्या स्लिपमध्ये कल्याण निधीचे २५ कापले गेले, ते शिल्लकीतून.

८ फेब्रुवारी

तिळगुळाच्या हळदी-कुंकवाला काकूंनी वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. बाकी शीट जसंच्या तसं. पुढच्या महिन्यात फेब्रुवारीच्या पगारातून टॅक्सचे शंभर जास्त जाणार, नोंद करून ठेवली.

८ मार्च

मैत्रिणीला हैदराबादची ऑफर आली, मे अखेर जाईल. चांगली ऑफर आहे, मीच तिला म्हटलं जा म्हणून. आता शीटमधल्या ६,५०० च्या जागी १३,००० येऊ शकतात, पाणी ८००, वायफाय ६००.

आरडीला नोव्हेंबरमध्ये मी काही ठरावीक ध्येय दिलं नव्हतं, तीन किंवा सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे ठेवा असं सांगतात, तो आकडा मला आत्ता खूप लांबचा आहे. त्याऐवजी आता असं ठरवलं: दोन महिन्यांचं आख्खं भाडं, २६,०००. शेअरिंगमध्ये राहणाऱ्याला सगळ्यात जवळचा धोका नोकरी जाण्याचा नसतो, पार्टनर जाण्याचा असतो. आजचा हिशोब: आरडीचे पाच हप्ते १५,०००, पीजीचे परत आलेले ५,०००, धान्याच्या खात्यातले ३,०००. तेवीस हजार. एप्रिलच्या पगाराला सव्वीस पार होतात, आणि मेमध्ये भिशी संपते, तिचे दोन हजार मोकळे होतात. म्हणजे जून-जुलै मी एकटीने हे घर धरू शकते. घाईघाईत कुणालाही रूममध्ये घ्यायची गरज नाही.

करार ३० सप्टेंबरपर्यंत दोघींच्या नावावर आहे. काकूंना आजच जाऊन सांगितलं, कानावर दुसरीकडून जायला नको. त्या म्हणाल्या, "तू चांगली पोरगी बघ, आमची काही हरकत नाही, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन नव्याने करावं लागेल, आणि काकांना मी सांगते." मैत्रिणीचे डिपॉझिटचे वीस हजार नवीन येणारी तिला थेट देईल, काकांच्या हातून फिरणार नाहीत, आणि तसं तिघींच्या सह्यांनी लिहून काकांना एक प्रत द्यायची असं ठरलं. नवी येईपर्यंत मैत्रिणीने थांबायची तयारी दाखवलीय, जुलैपर्यंत कुणी नाही मिळालं तर निम्मे मी माझ्या आरडीतून देईन असं मी तिला सांगितलं.

भाडं ६,५००, डिपॉझिट २०,०००, पाणी ४००, लाईट बिल आणि वायफाय निम्मं, गॅस आहे, शिफ्टवाली चालेल, गेटला वेळेचं बंधन नाही. एवढं लिहून लॅबच्या ग्रुपवर आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं.